खालून कापलेली बातमी

गुरुवार, २४ फेब्रुवारी २०२२. सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, एका जुन्या चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर श्यामसुंदर कोचरेकरांच्या दाराची बेल वाजली. दारात समोरच्या घरातली हेमांगी हडकर उभी होती. हातात फोन होता, पायांत चपला नव्हत्या. तिची मुलगी निधी युक्रेनमधल्या खार्किव शहरात डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला होती. पाच मिनिटांपूर्वी तिचा फोन येऊन गेला होता. तिकडे पहाटेचे पाच वाजले होते. आवाज येत होते, हॉस्टेलच्या काचा थरथरत होत्या आणि मुली जिन्यात येऊन बसल्या होत्या.

हेमांगीने एवढंच विचारलं, "काका, आता?"

 आठ दिवसांपूर्वी तिच्याच दुसऱ्या एका प्रश्नाला कोचरेकरांनी दिलेलं उत्तर त्यांना शब्दान् शब्द आठवत होतं.

कोचरेकर सहासष्ट वर्षांचे. वडील लालबागच्या गिरणीत होते. मुलगा पेपरात चिकटला तेव्हा त्यांनी वेंगुर्ल्याकडच्या गावात जाऊन देवळात नारळ फोडला होता. त्या मराठी दैनिकात मुलाने तेहतीस वर्षं परदेशी बातम्यांचं पान लावलं. वृत्तसंस्थेची बातमी इंग्रजीत येई, वीतभर नव्हे, हातभर. पानावर जागा असे चार बोटं. पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांनी शिकवलं होतं की बातमी खालून कापायची. वर असतं ते घडलेलं. खाली असतं ते 'मात्र', 'तथापि' आणि 'दुसरीकडे'. वाचक तिथवर जात नाही आणि छपाई आपल्यासाठी थांबत नाही. हात त्यावर इतका बसला की कोचरेकर घरीही तसेच बोलू लागले. चार वर्षांपूर्वी बायकोचे, मालनचे रिपोर्ट आले, तेव्हाही त्यांनी तिला पहिली तीन वाक्यं सांगितली होती. चौथं तिला डॉक्टरांच्या तोंडून कळलं.

मार्च २०१४ च्या अखेरीला ते निवृत्त झाले. नोकरीतलं शेवटचं मोठं पान त्यांनी लावलं ते रशियाने क्रिमिया घेतल्याचं. पुढे पूर्व युक्रेनमध्ये लढाई पेटली तेव्हा ते घरी होते आणि हाताला काम नव्हतं. त्यांनी एक फाइल उघडली. तिच्यावर 'जर्मनी' असं लिहिलं, कारण त्यांच्या मते या भांडणाची किल्ली ना मॉस्कोत होती ना वॉशिंग्टनमध्ये, ती बर्लिनमध्ये होती. फ्रान्सला जोडीला घेऊन रशिया आणि युक्रेनला एका टेबलाशी बसवलं ते जर्मनीने. फेब्रुवारी २०१५ मध्ये मिन्स्कला रात्रभर जागून जो करार झाला, त्यातही तीच पुढे होती. रशियावरचे निर्बंध दर सहा महिन्यांनी न चुकता वाढवायचे, आणि त्याच रशियाकडून समुद्राखालून गॅस आणणारी दुसरी नळी टाकण्याचा करारही त्याच वर्षी होऊ द्यायचा. एका हाताने कान धरायचा, दुसऱ्या हाताने ताट वाढायचं. कोचरेकरांना यात ढोंग दिसलं नाही, प्रपंच दिसला. फाइलच्या पाच फाइली झाल्या. बंगळूरला असलेली लेक अपूर्वा रविवारी फोनवर विचारायची, "बाबा, जर्मनी काय म्हणते?" आणि उत्तराची वाट न पाहता गोळ्यांकडे वळायची. मालन गेल्यावर तर तेही बोलणं दहा मिनिटांवर आलं. रोज संध्याकाळी ते वहीत चार ओळींचं टिपण करत. ते वाचणारं कोणी नव्हतं.

म्हणून १६ फेब्रुवारीच्या संध्याकाळी हेमांगी आणि तिचा नवरा सहदेव दोघंही त्यांच्याकडे येऊन बसली, तेव्हा कोचरेकरांनी आधी पंखा वाढवला, मग चहा टाकला, मग चष्मा बदलला. सहदेव जवळच्याच एका कारखान्यात फिटर होता. कामाचा शर्ट बदलायलाही तो थांबला नव्हता. युक्रेनमधल्या भारतीय वकिलातीने आदल्या दिवशी सांगितलं होतं की ज्यांचं राहणं गरजेचं नाही त्यांनी तूर्त निघण्याचा विचार करावा. कॉलेज म्हणत होतं, वर्ग चालू राहतील, गैरहजेरी लागेल. एजंटने १९ तारखेच्या विमानात एक जागा धरून ठेवली होती आणि त्याला सात वाजेपर्यंत उत्तर हवं होतं. गंमत म्हणजे त्याच दिवशी, १६ तारखेला, हल्ला होणार असं अमेरिकेतून छापून आलं होतं आणि तो दिवस काही न होता मावळत होता.

"काका, आमका त्यातला काय कळता?" सहदेव म्हणाला. "टीव्हीवाले नुसते बोंबलतत. तुम्ही सांगा, चेडवाक बोलवूचा की नको?"

टेबलावर वही उघडीच होती. आदल्या रात्रीचं टिपण समोर होतं. पहिली ओळ अशी की जर्मन चॅन्सलर मॉस्कोला जाऊन रशियाच्या अध्यक्षांच्या त्या लांबलचक टेबलाशी बसून आले, बोलणी चालू राहतील. दुसरी, सीमेवर सरावाला नेलेल्या काही तुकड्या मागे घेतल्याचं रशियाने जाहीर केलं. तिसरी, नळी बांधून तयार आहे, आता सुरू व्हायची तेवढी बाकी, त्यात रशिया आणि जर्मनी दोघांचाही जीव अडकला आहे. मग चौथी ओळ होती.

कोचरेकरांनी तीन ओळी सांगितल्या. नुसत्या वाचल्या नाहीत, रंगवून सांगितल्या. आठ वर्षं जर्मनीने हे कसं हाताळलं, किती वेळा शस्त्रसंधी मोडली आणि किती वेळा सांधली, सगळं. दोघं ऐकत होती. चहा निवला तरी कोणी उठलं नाही. या घरात इतका वेळ कोणी बसून चार वर्षं झाली होती. शेवटी हेमांगीने सरळ विचारलं, मग आणायची की नाही.

"ज्याचं एवढं मोठं गिऱ्हाईक आहे, तो स्वतःचं दुकान जाळत नाही," कोचरेकर म्हणाले. "जर्मनी मध्ये आहे. नाही होणार काही. पोरीचं वर्ष बुडवू नका."

सहदेवने दाराबाहेर पडता पडताच एजंटला फोन लावला. "राहू दे रे, देऊन टाक कोणाला ती सीट," हे त्याचं वाक्य आत कोचरेकरांना स्पष्ट ऐकू आलं. हेमांगी दारात थांबून म्हणाली होती की काका, तुम्ही आहात म्हणून बरं. त्या रात्री ते मालनच्या फोटोसमोर उभे राहून थोडा वेळ उगाचच हसले होते.

२२ तारखेला जर्मनीने ती नळी रोखून धरली. कोचरेकरांनी बातमी दोनदा वाचली. हेमांगीच्या दारापर्यंत जाऊन ते परत आले. निधीसाठी आता २६ तारखेचं तिकीट काढलंय, हे सहदेवने त्यांना भाजीच्या गाडीजवळ सांगितलं, हसत सांगितलं. २४ तारखेला युक्रेनवरचं आकाश विमानांना बंद झालं.

पुढचे सहा दिवस हडकरांचं दार उघडंच राहिलं आणि कोचरेकर तिथेच बसून राहिले. त्यांना वाटलं होतं की आता आपल्याला कोणी विचारणार नाही. घडलं उलटंच. अख्खी इमारत त्यांना विचारायला येऊ लागली. तळमजल्यावरच्या शांताबाई, ज्यांनी मालनच्या तेराव्यानंतर त्यांच्याकडे पाऊल टाकलं नव्हतं, त्या पोह्यांची ताटली घेऊन आल्या आणि पोलंड कुठे येतं ते नकाशावर बघून गेल्या. कोचरेकरांनी नकाशा हडकरांच्या भिंतीला, कालनिर्णयाच्या शेजारी लावला होता. खार्किव पार उजवीकडे, रशियाच्या उंबऱ्यावर. बाहेर पडायच्या सगळ्या सीमा पार डावीकडे. मध्ये हजार किलोमीटर. ते पेन्सिलने दाखवत, लोक माना डोलावत. इतकी माणसं, इतकं बोलणं त्यांच्या वाट्याला निवृत्तीनंतर कधी आलं नव्हतं. हे त्यांच्या ध्यानात आलं त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

निधी हॉस्टेलच्या तळघरात होती. दोनशे मुलं, दोन संडास. दिवसातून एकदा वर जाऊन फोन चार्ज करायचा आणि पाणी भरायचं. बोलताना ती आवाज खाली ठेवायची, पण स्वभाव जात नव्हता. शाळेत असताना देशांच्या राजधान्या तिने कोचरेकरांच्याच गॅलरीत पाठ केल्या होत्या. शनिवारी हेमांगीने फोन त्यांच्या हातात दिला.

"काका, तुमची जर्मनी कुठे राहिली?" ती म्हणाली आणि हसली.

"येतेय," ते म्हणाले.

"तिला सांगा, येताना मॅगी आण."

त्यांनी फोन घाईने हेमांगीला परत दिला. 

रविवारी, २७ तारखेला, बर्लिनमध्ये संसदेची खास बैठक भरली. कोचरेकर हडकरांच्या टीव्हीसमोर बसले होते. इतकी वर्षं युद्धाच्या जागी शस्त्रं न देणारी जर्मनी आता युक्रेनला रणगाडाविरोधी शस्त्रं देणार होती. स्वतःच्या सैन्यावर शंभर अब्ज युरो खर्चणार होती. आठ वर्षं कात्रणं चिकटवून भरलेल्या पाच फाइली अर्ध्या तासाच्या भाषणात रद्दीत गेल्या. त्यांनी सहदेवला समजावायचा प्रयत्न केला की हे फार मोठं आहे, असं जर्मनीत आपल्या हयातीत झालेलं नाही.

सहदेव नकाशाकडे बघत होता. "जानेवारीत काय दिलेनी म्हणालात?"

"हेल्मेटं. पाच हजार देऊ म्हणाले होते."

"हेल्मेट आमकापण देतत कंपनीत," सहदेव म्हणाला. "वरसून काय पडणार ता ठाऊक असता म्हणान देतत."

 ठाऊक असतं, हे खरंच होतं. वही कोचरेकरांच्या कापडी पिशवीत, मांडीवर होती. चौथी ओळ तिच्यात होती. गेले चार दिवस ते पिशवी घेऊनच या घरात येत होते आणि पिशवी न उघडताच परत जात होते.

मंगळवारी, १ मार्चला, दुपारी बातमी आली की खार्किवमध्ये तोफांच्या माऱ्यात एक भारतीय विद्यार्थी ठार झाला. नाव नव्हतं. मुलगा की मुलगी, तेही पहिली काही मिनिटं नव्हतं. निधीचा फोन लागत नव्हता. हेमांगी ओट्याला पाठ लावून खाली बसली. कोचरेकरांनी आपल्या जुन्या ऑफिसात फोन लावला. परदेशी पानावर आता चैतन्य नावाचा तरुण होता, त्यांनी त्याला दोनदाच पाहिलं होतं. तो घाईत होता, पण बघतो म्हणाला. चार मिनिटांनी त्याने उलट फोन केला. मुलगा होता. कर्नाटकातला.

"आपली नाही," कोचरेकर म्हणाले.

खोलीत सगळ्यांनी श्वास सोडला. मग शांताबाई हळूच म्हणाल्या, "त्याच्याही आईने आत्ता हेच ऐकलं असेल," आणि कोणी कोणाकडे बघेना.

बुधवार, २ मार्च. सकाळी निधी आणि तिच्याबरोबरच्या अकरा जणी रेल्वे स्टेशनवर गेल्या. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. तिकडच्याच बायका-मुलांना आधी घेत होते. त्या फलाटावर उभ्या असतानाच, आपल्याकडे साडेचारच्या सुमारास, वकिलातीची नवी सूचना आली. सर्व भारतीयांनी खार्किव ताबडतोब सोडावं. पिसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदिवका, यांपैकी एका ठिकाणी तिथल्या वेळेप्रमाणे संध्याकाळी सहाच्या आत पोचावं. वाहन नसेल तर पायी. अंतरं साधारण अकरा, बारा आणि सोळा किलोमीटर.

चार पन्नासला निधीचा फोन आला. या वेळी ती हसली नाही. मुलींमध्ये एकमत नव्हतं. कोणी म्हणत होतं पिसोचिन जवळ आहे, कोणी म्हणत होतं त्याच बाजूला मारा चालू आहे. मागे भोंगा वाजत होता. सहदेव पहिल्या पाळीवरून येऊन भिंतीशी उभा होता. हेमांगीने फोन स्पीकरवर टाकला आणि कोचरेकरांकडे वळली.

"काका, तुम्ही सांगा. तिने कुठे जायचं?"

नकाशा समोर होता. त्यावर ही तिन्ही गावं छापलेलीच नव्हती. तरीही अकरा हा आकडा सोळापेक्षा लहान आहे एवढं धरून तीन ठाम वाक्यं रचता आली असती. ती त्यांच्या ओठांवर आलीही. घर वाट बघत होतं, तिकडे फलाटावर बारा मुली वाट बघत होत्या.

"मला माहीत नाही," कोचरेकर म्हणाले.

हेमांगीला कळलं नाही. "म्हणजे? तुम्हाला सगळं माहीत असतं."

"निधी, मला माहीत नाही. कुठल्या रस्त्यावर काय आहे ते मला इथून दिसत नाही. तुझ्या डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं. स्थानिक माणूस भेटला तर त्याला विचार. सगळ्या जणी एकत्र राहा. माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस."

 निधी म्हणाली, "ओके काका," आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतर कोचरेकरांनी पिशवी उघडली. वही काढून १५ फेब्रुवारीचं पान सहदेवपुढे धरलं. का दाखवताय, असं त्याने विचारलं नाही. अक्षरावर बोट ठेवत पहिल्या तीन ओळी त्याने हळूहळू वाचल्या. त्या त्याला पाठ होत्या. चौथी त्याने मोठ्याने वाचली.

"रशियाने सीमेवर रक्ताचे साठे नेल्याची बातमी जानेवारीअखेर आली आहे. सरावाला रक्त लागत नाही."

त्याने ती पुन्हा वाचली, मनात.

"हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?" हेमांगीने विचारलं.

"हो."

"आम्ही समोर बसलेलो असताना?"

"हो. वही उघडी होती."

"मग बोललात का नाही?"

त्यांना सांगता आलं असतं की एक बातमी म्हणजे पुरावा नव्हे, की मोठमोठे जाणकारही चुकले, की खुद्द बर्लिनही चुकलं. ते सगळं खरं होतं.

"शेवटची ओळ होती," ते म्हणाले. "मी शेवटची ओळ कापतो. सवय आहे. आणि तुम्ही दोघं इतक्या दिवसांनी येऊन बसला होता. ती ओळ सांगितली असती तर माझं उत्तर मोडलं असतं."

सहदेवने वही मिटून त्यांच्या हातात दिली. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "चाय घेतलात काय?" आणि ते नाही म्हणाल्यावर, "बरा," म्हणाला. हेमांगीने भिंतीवरचा नकाशा काढला. चिकटपट्टीबरोबर थोडा रंगही निघून आला. तिने नकाशाची घडी केली, ती वहीवर ठेवली. कोचरेकर उठले. त्यांच्या मागे हडकरांचं दार लागलं. सात दिवसांत ते पहिल्यांदाच लागलं.

सव्वापाचला जिन्यात कोणाच्या तरी तोंडून त्यांना कळलं की मुली पिसोचिनकडे निघाल्या. कोणाला विचारून, ते कळलं नाही.

त्यांनी दिवा लावला, टीव्ही लावला नाही. पाच फाइली कपाटाखाली होत्या तशाच होत्या. अपूर्वाला फोन करावा असं एकदा मनात आलं, पण आज रविवार नव्हता. समोरच्या दाराआडून भांड्यांचा आवाज येत होता, मग तोही थांबला. शांताबाई वर आल्या. त्यांनी हडकरांची बेल वाजवली, आत गेल्या, काही वेळाने उतरल्या. कोचरेकरांच्या दारापाशी त्या जराशा रेंगाळल्या, असं त्यांना पावलांवरून वाटलं. बेल वाजली नाही.

पावणेनऊला त्यांचा फोन वाजला. निरोप हेमांगीचा होता. स्वतःचं एक अक्षर न लिहिता तिने निधीचा निरोप पुढे पाठवला होता. तो निधीने सात बेचाळीसला, तिकडच्या चार बाराला, लिहिला होता. 'सात किमी झाले. बर्फ आहे. रियाचा पाय मुरगळलाय, हळू चाललोय. बॅटरी नऊ टक्के. बंद करते.'

कोचरेकरांनी वही उघडली. तारीख घातली. मुली बारा. वाट पिसोचिनची, अजून चार किलोमीटर. शेवटचा निरोप चार बाराचा. चौथ्या ओळीसाठी त्यांनी घड्याळात पाहिलं आणि साडेतीन तास वजा केले. मग लिहिलं की खार्किवमध्ये आता सव्वापाच वाजले आहेत, मुदत सहाची आहे आणि फोन बंद आहे.